पिशवीची तारीख

खैरवाडी, ता. मुखेड
१४ सप्टेंबर २०२४

ती. आक्का,

शिवकन्येचा पाया पडून नमस्कार. यंदा महालक्ष्म्यांना तुम्ही आल्या न्हाईत, घर सुनं सुनं वाटलं. आत्याबाई दर पंगतीला म्हणून राहिल्या, "माझी तारी असती तर पुरणाला हात लावू दिला नसता कुणाला." म्हणजे माझं पुरण बिघडलं हे तुम्हाला कळलंच.

पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल हायत. फोन करता आला असता. पण फोन तुमच्या भावाच्या खिशात, आणि आपल्या घरात स्पीकर लावल्याबिगर कुणाला ऐकू येत न्हाई. ही गोष्ट स्पीकरवर बोलायची न्हाई. म्हणून अंगणवाडीत पोरांची खिचडी झाली की तिथंच बसून लिहिते. उत्तर बी अंगणवाडीच्याच पत्त्यावर टाका, घरी नको.

आठ महिने झाले, माझ्या अंगावरून जातंय. आधी वाटलं उन्हाळ्यानं असंल, मग वाटलं कामानं. आत्याबाईनं धने भिजवून पाणी दिलं, तांदळाचं धुवण दिलं, काही फरक न्हाई. शेवटी यांनी शहरात एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं वरून मशीन फिरवलं आणि सांगितलं, पिशवीला सूज हाय, काढून टाका, ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. तारीख बी दिली, अकरा नोव्हेंबर, सोमवार. सोयाबीन घरात येईल, दिवाळी होईल, मग निवांत.

आत्याबाई म्हणाल्या, "भ्यायचं काय त्याला? माझ्या तारीची काढली, ठणठणीत झाली." म्हणून तुम्हालाच विचारते. किती दिवसांनी घागर उचलता आली? तुरीला जाता येईल का? अंगणवाडीत सुट्टी किती टाकू? बाकी मला भ्या न्हाई. तुम्ही हाव ना समोर, चांगल्या हिंडत्याफिरत्या.

आरती नववीत गेली. तुम्ही शिवून पाठवलेला ड्रेस तिला एवढा आवडला की धुवायला बी देत न्हाई.

तुमची
शिवकन्या


निलंगा
३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शिवकन्येस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की मशीनवर काहीतरी काम निघायचं. खरं म्हणजे काम नेहमीच असतं, मीच टाळत होते. का टाळत होते ते आत्ता नको.

इथल्या सरकारी दवाखान्यात धम्मप्रिया म्हणून एक सिस्टर आहे, तिचे ब्लाऊज मी शिवते. तुझं नाव न सांगता तिला सगळं सांगितलं. तिनं मलाच उलटं विचारलं, "काय जातं? कसं जातं?" मला काही सांगता येईना. ती म्हणाली, मग आधी विचारून या, एवढ्यावर तर मी खोकल्याची गोळी देखील देणार नाही.

तर आता लाज बाजूला ठेव आणि लिही. रंग कसा आहे? पांढरा, पिवळा, हिरवट? दह्यासारखं घट्ट आहे की पातळ? वास येतो का, खाज सुटते का, लघवीला जळजळ होते का? ओटीपोटात दुखून ताप येतो का? पाळी नसताना कधी लाल दिसलं का, किंवा व्यंकटजवळ गेल्यावर? आणि त्या डॉक्टरनं आतून तपासलं, की नुसतं पोटावर मशीन फिरवून तारीख दिली? तू तिथं कशानं धुतेस तेही लिही.

तुझ्या सुट्टीचं मी नंतर सांगते. हे पत्र वाचलं की चुलीत घाल.

तुझी आक्का
तारामती


खैरवाडी
९ ऑक्टोबर २०२४

ती. आक्का,

नमस्कार. राग मानू नका, पण तुमचं पत्र वाचून मी तासभर कुणाकडं वर मान करून बघितलं न्हाई. मी विचारली सुट्टी आणि तुम्ही विचारून राहिल्या रंग. असलं कुणी कागदावर लिहितं का? शेजारी बालवाडीची पोरं 'चांदोबा चांदोबा' म्हणून राहिली आणि मी इथं हे लिहिते.

लिहिते. पिवळं, त्यात हिरवट झाक. पातळ, फेस असल्यागत. वास येतो, एवढा की सप्ताहात बायांच्या मधे बसायची सोय राहिली न्हाई, मी दाराजवळ बसते. खाज तर विचारू नका. लघवीला जळजळ होते. ताप न्हाई. लाल कधी दिसलं न्हाई. हे जवळ आले की आग होते, ते मी यांना बी सांगितलं न्हाई. डॉक्टरनं आतून काही बघितलं न्हाई, मला मेलीला वाटलं बरं झालं, लाज वाचली.

धुते तुरटीच्या पाण्यानं, आतपर्यंत, दिवसातून दोनदा. जेवढं स्वच्छ ठेवावं तेवढं जास्त होऊन राहिलंय. आतले कपडे दोरीवर टॉवेलच्या खाली वाळत घालते, आपल्याकडं सगळ्याच घालतात. पावसाळ्यात वाळत न्हाईत, तसेच दमट घालते.

आणखी एक, हे कुणालाच सांगितलं न्हाई. आरतीच्या कपड्यावर बी मला पांढरं दिसलं. पोर चौदा वर्षांची हाय आक्का. तुम्हाला झालं, मला झालं, आता तिला. ह्या घरातल्या बायांना शापच हाय म्हणते मी. तिला बी मी तुरटीनं धुवायला लावलंय. ती रडते, म्हणते आग होते. माझी काढून झाली की तिला त्याच डॉक्टरकडं नेऊन दाखवावं म्हणते.

आत्याबाई तुमची वाट बघून राहिल्या. म्हणतात, तारी येईल, महिनाभर चूल सांभाळील, तिला ह्यातलं सगळं कळतं.

आक्का, तुम्ही खरंच बऱ्या झाल्या ना? एकदा हाव म्हणून लिहा. मी डोळे मिटून टेबलावर जाऊन पडते.

शिवकन्या


निलंगा
१४ ऑक्टोबर २०२४

शिवकन्या,

हाव म्हणून लिहायला पेन उचलला होता. चौदा वर्षं तेच म्हणते आहे, सवयच झाली आहे. पण तू आरतीचं लिहिलंस आणि माझा हात पुढं जाईना.

नाही. मी बरी झाले नाही.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. माझं पांढरं जायचं, पाण्यासारखं, वास नाही, खाज नाही. मायला काळजी वाटली, तिनं नेलं. मलाही कुणी आतून तपासलं नाही. पिशवी काढली, आणि तिच्याबरोबर दोन्हीकडची अंडाशयंही काढली, हे मला चार वर्षांनी कागद वाचून घेतल्यावर कळलं. तिसाव्या वर्षी माझी म्हातारी झाली. थंडीत अंगातून वाफा निघायच्या, झोप गेली. कंबर तेव्हापासून दुखते ती आजपर्यंत. दोन वर्षांपूर्वी पाण्याची बादली उचलताना मनगट मोडलं, तुम्हाला सांगितलं घसरून पडले. यंदा महालक्ष्म्यांना आले नाही ते एसटीत तीन तास बसवत नाही म्हणून. सांगितलं मात्र ऑर्डरी आहेत.

खोटं का बोलले म्हणशील. ऑपरेशन झाल्यावर माय बारा दिवस माझ्या उशाशी बसून होती. स्वतः ताक-भाकरीवर राहिली आणि मला डिंकाचे लाडू खाऊ घातले. रोज विचारायची, "बरं वाटतंय ना तारे?" तिला काय सांगू? हाव म्हणाले. मग जी भेटेल ती बाई विचारायला लागली, तिलाही हाव म्हणाले. आपली चुलत बहीण उज्वला विचारून गेली, तिनं एकतिसाव्या वर्षी काढली. ती आता भिंतीला धरून उठते. ते ओझं माझ्या जिवावर आहे. तुझं आणखी नको.

आता धम्मप्रियाचं ऐक. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, अंगावरून थोडं पांढरं जाणं म्हणजे रोग नाही. तोंडात जशी लाळ तशी तिथंही ओल असते, ती जागा आपली आपण धुतली जाते. पाळीच्या मधल्या दिवसांत ते अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं चिकट होतं, पाळीआधी घट्ट होतं. वास नाही, खाज नाही, तर काही करायचं नाही. आरतीला आग होते ती त्या तुरटीनं. आजच्या आज बंद कर. वरून साधं पाणी पुरे, आत काहीच घालायचं नाही. पोरीला सांग, तुला काही झालेलं नाही, तू मोठी होते आहेस एवढंच.

तुझं मात्र वेगळं आहे. पिवळं-हिरवं, वास, खाज, जळजळ, हा संसर्ग आहे असं ती म्हणते. तपासून औषध घ्यायचं असतं. तुरटीनं तो जात नाही, वाढतो. आणि एवढ्यासाठी पिशवी काढत नाहीत. पिशवी काढावी लागते अशीही दुखणी असतात, पण ती तपासणीत दिसावी लागतात, कुणाच्या अंदाजानं नाही.

चोवीस तारखेला गुरुवारी लातूरच्या स्टँडवर ये. व्यंकटला सांग, आक्कानं मोठ्या दवाखान्यात दाखवायला बोलावलंय, ऑपरेशनच्या आधी दाखवलेलं बरं. ते खोटंही नाही. मी रसवंतीच्या बाजूला उभी राहीन.

आणि मायला यातलं काही कळू देऊ नकोस. ती खचेल.

तारामती


खैरवाडी
६ नोव्हेंबर २०२४

ती. आक्का,

तुमच्या पायावर डोकं ठेवते. दिवाळी झाली, फराळाचा डबा तुमच्या भावाकडून पाठवते, शंकरपाळे आरतीनं केलेत. गोड जास्त झालेत, गोड मानून घ्या.

लातूरला तुम्ही बाहेर बाकड्यावर होत्या, आत काय झालं ते मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. पडद्यामागं झोपायची वेळ आली तवा मी म्हणाले, मॅडम राहू द्या, मी घरी जाते. मॅडमनं माझ्या पायावर चादर टाकली आणि म्हणाल्या, "आता श्वास सोडा, पोरं किती तुम्हाला?" मी आरती आणि शिवमचं सांगेपर्यंत तपासून झालं बी. एवढ्यासाठी मी आठ महिने मेले. अंगावरच्या पाण्याचा नमुना घेतला, पिशवीच्या तोंडाची कॅन्सरची तपासणी केली. म्हणाल्या, पिशवी चांगली हाय, ह्यात काढण्यासारखं मला काही दिसत न्हाई. गोळ्या लिहिल्या सात दिवसांच्या.

मग म्हणाल्या, तेवढ्याच गोळ्या मालकांना बी. हा संसर्ग नवराबायकोत इकडून तिकडं फिरतो. दोघांनी संगंच घ्यायच्या, तोवर जवळ जायचं न्हाई, आणि गोळ्या चालू असताना दारू बंद. मी विचारलं, मॅडम, हे आलं कुठून? त्या म्हणाल्या, कित्येक दिवस अंगात दडून बसतं, शोधत बसलात तर भांडण होईल, दुखणं जाणार न्हाई. खोटं कशाला सांगू, यष्टीत बसून मी तोच विचार केला. मग ठरवलं, आधी खाज जाऊ दे.

तुमचा भाऊ म्हणाला, "दुखणं तुझं, गोळ्या मला कशाला?" मी म्हणाले, अकरा तारखेला पोट फाडायला मी एकटी जाणार होते, तवा तुम्ही हाव म्हणाला. आता सात गोळ्या गिळायला तुम्हाला काय होतंय? आक्का, मी असं बोलले. हे एक रात्र रुसून बसले, सकाळी चहासंगं गोळी घेतली. दिवाळीत दोस्त बसायला बोलवायला आले तर म्हणून राहिले, दाढ दुखते. 

आज पाचवा दिवस हाय गोळ्या संपून. खाज न्हाई. वास न्हाई. परवा भजनाला मी अगदी मधे बसले, पेटीजवळ. डोळ्याला पाणी आलं तर बाया म्हणाल्या, शिवकन्येला अभंग लागला. कपडे आता उन्हात घालते, टॉवेलबिवेल न्हाई. अकरा तारखेचं यांनी स्वतःच त्या दवाखान्यात फोन करून रद्द केलं.

आता जी चूक झाली ती सांगते. तुमचं चौदा तारखेचं पत्र मी चुलीत घातलं न्हाई. घालवलंच न्हाई. ज्वारीच्या कोठीत ठेवलं होतं. आत्याबाईला घावलं. त्यांना अक्षर येत न्हाई, त्यांनी आरतीला बसवलं आणि म्हणाल्या वाच. पोरीनं सगळं वाचलं, वाफा, मनगट, बारा दिवस, सगळं. मी शेतातून आले तर दोघी अंगणात बसलेल्या, मधे ते पत्र.

दोन दिवस आत्याबाई जेवल्या न्हाईत. मला वाटलं मला बोलतील. तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते, माझ्याजवळ उकिडव्या बसल्या आणि पदरातून एक घडी केलेला कपडा काढून दाखवला. त्याच्यावर लाल डाग.

आक्का, त्यांची पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली. मी विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, पोळ्याच्या आधीपासून, मधून मधून. म्हणाल्या, "सुनेचं चालू असताना म्हातारीचं काय सांगायचं." मग म्हणाल्या, "माझ्या लेकीनं मला चौदा वर्षं सांगितलं न्हाई, मी कुणाला सांगू?"

काय करू ते लवकर लिहा. फोन केला तरी चालंल. आता स्पीकरवर बी चालंल.

शिवकन्या


निलंगा
९ नोव्हेंबर २०२४

शिवकन्या,

फोनवर बोललोच, तरी लिहिते, कारण खालचं आरतीनं मायला वाचून दाखवायचं आहे.

धम्मप्रियाला विचारलं, ती हातातलं काम ठेवून उभी राहिली. पाळी गेल्यावर एक थेंब जरी लाल दिसला तरी वाट बघायची नाही, दुखत नसलं तरी नाही. मंगळवारी मायला घेऊन लातूरला या. तुझ्या तपासणीचा कागद मी आणून ठेवलाय, चांगला आहे. पुढची तपासणी कधी ते त्यावर लिहिलंय, विसरू नकोस.

आणि मॅडमनी त्या दिवशी बाकड्यावर मला बघून विचारलं होतं, तुमची कंबर अशी का? मी तुझ्यापासून लपवलं, परत एकटी जाऊन आले. हाडांची तपासणी झाली, औषध चालू आहे. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी हाव बरी आहे म्हणाले असते. तू विचारलंस म्हणून माझंही निघालं. तुझे उपकार फेडायला मला पुरण शिकवावं लागेल तुला.

आता माय, हे तुला.

माय, तू मला मारायला नेलं नव्हतंस, वाचवायला नेलं होतंस. तुला डॉक्टरनं जे सांगितलं ते तू खरं मानलंस, मीही मानलं. मी लपवलं ते तुझ्यावर राग म्हणून नाही. लाडू खाऊ घालणाऱ्या हाताला काय बोलू? पण मी सांगितलं असतं तर तूही आज सांगितलं असतंस, हे मला शिवकन्येचं पत्र वाचून कळलं. जेव. मंगळवारी मी स्टँडवर आहे. या वेळेला उशाशी मी बसणार.

तारामती


खैरवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

तारे,

हे आरती लिहून राहिली, मी सांगून राहिले. मधे ती हसली तर ते बी लिहायला लावीन.

पिशवी काढल्याचे टाके सुकले. परवा लातूरला दाखवलं, मॅडम म्हणाल्या, कॅन्सर पहिल्या पायरीलाच सापडला, पिशवीच्या बाहेर कुठं गेला न्हाई. दर तीन महिन्याला दाखवायला या म्हणाल्या. जाईन. आता यष्टीचं तिकीट बायांना अर्धंच हाय, त्यांचंच डिझेल जाईल.

शिवकन्या घागर उचलू देत न्हाई. मी म्हणाले, तारीला इचार किती दिवसांनी उचलायची. ती म्हणाली, तारीला आता काही बी इचारलं तर खरं सांगती, तिला कशाला इचारायचं. सून लई तोंडाळ झाली, बरं झालं.

एक गोष्ट माझ्या मनातून जात न्हाई. जिची काढायची नव्हती तिची तारीख ठरली होती, अन् जिची काढायला पाहिजे होती ती कपडा लपवून हिंडत होती. ती म्हातारी मी. सुनेला सांगत होते तारीचं बघ, तारीचं बघ. तारीकडं मीच कधी बघितलं न्हाई. तू हाव म्हणालीस अन् मी उठून घरी आले. बारा दिवस बसले म्हणून मोठं नाव झालं माझं, तेराव्या दिवशी बघायला पाहिजे होतं.

आता गल्लीतल्या बाया येतात. नागाबाई, तुमची काढली, मग आम्ही बी काढावी का? म्हणते, बस आधी. काय जातं, कसं जातं, लाल हाय का पांढरं, आतून तपासलं का, कागद कुठाय? आरती बाजूला बसून आणखी दोन इचारती. बाया लाजतात. मी म्हणते, लाजायचं माझं वय होतं, मी सोडून दिलं. उज्वलाला बी घेऊन यायला सांगितलंय, तिच्या हाडाची दवा चालू करायची. तू तिच्यासमोर डोळे खाली घालू नको. तू एकटीनं न्हाई, मी बी तिला हाव म्हणाले होते.

तू महिनाभर माझ्या उशाशी बसलीस, कंबर दुखत असताना. रात्री मला वाटायचं तू झोपलीस. तू भिंतीला टेकून बसलेली असायचीस, मला दिसायचं. देवानं मला लेक दिली म्हणून त्याला हात जोडते, अन् असली सून दिली म्हणून आणखी एकदा जोडते.

शंकरपाळे पाठवते. ह्या वेळेला गोड कमी हायत.

तुझं पत्र येतं त्यात शेवटी लिहितेस, मी बरी आहे. आरती वाचून दाखवती अन् मी तिला म्हणते, ते सोड, मागचं वाच. तर ह्या वेळेला ते लिहू नको. आज कंबर कशी हाय, तेवढं लिही.

तुझी माय